डिक्रीच्या अलीकडे आणि पलीकडे: परस्परसंमतीच्या घटस्फोटातलं एक आर्थिक प्रकरण

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं की दोन्ही बाजूंची सगळी ताकद ‘किती’ या प्रश्नावर खर्च होते. पोटगी किती, घरातला हिस्सा किती, दागिने किती. ‘केव्हा’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. करांच्या आणि शुल्कांच्या हिशेबात मात्र तोच सगळ्यात महाग पडतो. तेच घर, त्याच दोन माणसांमध्ये, डिक्रीच्या, म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या, आठ दिवस आधी हस्तांतरित झालं तर एक हिशेब आणि आठ दिवसांनी झालं तर दुसरा, आणि या दोन हिशेबांत काही लाखांचा फरक असतो. या प्रकरणात मला मुख्यतः हेच दाखवायचं आहे.

प्रकरण कुणा एका जोडप्याचं नाही. करसल्लागार म्हणून समोर येणाऱ्या नेहमीच्या परिस्थितीवरून ते रचलं आहे. आकडे गोल आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत. संदर्भ हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चा, मालमत्ता महाराष्ट्रातली आणि आर्थिक वर्ष २०२५-२६. प्राप्तिकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू झाला आणि क्रमांक बदलले, पण इथले मुद्दे ज्या तत्त्वांवर उभे आहेत ती तत्त्वं त्यातही आहेत.

परिस्थिती

लग्न २०१२ चं. मुलगी नऊ वर्षांची. दोघं २०२३ पासून वेगळे राहतात. तो खासगी कंपनीत, वार्षिक पगार २६ लाख. ती शाळेत शिक्षिका, पगार ७ लाख ८० हजार. मुलीचा ताबा आईकडे, भेटीचे दिवस ठरलेले, त्याबद्दल वाद नाही.

फ्लॅट २०१५-१६ या आर्थिक वर्षात ७२ लाखांना घेतलेला, दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा. आज बाजारभाव आणि रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) भाव दोन्ही १ कोटी ३० लाखांच्या आसपास. गृहकर्ज २८ लाख बाकी, दोघंही कर्जदार, हप्ता त्याच्या खात्यातून जातो. त्याच्या नावावर इक्विटी म्युच्युअल फंड २२ लाखांचे (मूळ गुंतवणूक १२ लाख), पीपीएफ ९ लाख, भविष्य निर्वाह निधी १९ लाख. दोघांच्या नावावर १० लाखांची एफडी, पैसे त्याचे. तिच्या पीपीएफमध्ये ६ लाख. दागिने ३२० ग्रॅम, संयुक्त लॉकरमध्ये. मुलीच्या नावावर आजी-आजोबांनी ठेवलेली ३ लाखांची एफडी. त्याचा १ कोटीचा टर्म विमा, नॉमिनी ती. आणि तिघांचा एकत्र फ्लोटर मेडिक्लेम.

दोघांच्या वकिलांनी मिळून संमतीच्या अटींचा मसुदा केला होता. त्यातली तीन कलमं अशी (अर्जदार क्र. १ म्हणजे ती, क्र. २ म्हणजे तो):

‘घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्जदार क्र. २ हे सदर सदनिकेतील आपला अर्धा हिस्सा अर्जदार क्र. १ यांच्या नावे करून देतील.’

‘सदर सदनिकेवरील कर्जाची परतफेड यापुढे अर्जदार क्र. १ करतील.’

‘अर्जदार क्र. २ हे अर्जदार क्र. १ व मुलगी यांच्या निर्वाहासाठी दरमहा रु. ४०,००० देतील.’

वाचायला अगदी सरळ. न्यायालयालाही यात वावगं दिसलं नसतं. पण पहिल्या कलमातले ‘झाल्यापासून’, दुसऱ्यातले ‘यापुढे’ आणि तिसऱ्यातले ‘व मुलगी’ हे शब्द पुढे दोघांनाही चांगलेच महागात पडले असते.

घर

कलम ५६(२)(दहा) सांगतं की मोबदल्याशिवाय मिळालेली स्थावर मालमत्ता, जर तिचं मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी धरलं जाणारं मूल्य) ५० हजारांहून जास्त असेल तर, घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. नातेवाइकाकडून मिळालेली मालमत्ता याला अपवाद आहे आणि नातेवाइकांच्या व्याख्येत पती-पत्नी पहिल्याच ओळीत येतात. डिक्री झाली की ते नातं कायद्याच्या दृष्टीने संपतं. म्हणजे मसुद्याप्रमाणे सहा महिन्यांनी तिला जो अर्धा हिस्सा मिळणार होता, तो नातेवाइकाकडून मिळालेला नसता.

आकडा मांडून पाहू. अर्धा हिस्सा ६५ लाखांचा. तिच्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ७ लाख ५ हजार उरतात. एकूण ७२ लाख ५ हजार. नव्या करप्रणालीत २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख, वरच्या ४८ लाख ५ हजारांवर ३० टक्क्यांनी १४ लाख ४१ हजार ५००. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं म्हणून १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. बेरीज १९ लाख ९२ हजारांच्या पुढे जाते. एरवी जिच्या पगारावर एक रुपया कर लागत नाही त्या बाईला, राहत्या घराचा अर्धा हिस्सा कागदावर आपल्या नावाने झाला म्हणून, जवळपास २० लाखांच्या मागणीची नोटीस येऊ शकते. तेही हातात रोख काही आलेलं नसताना.

आता, यावर बचाव नाही असं नाही. तिने पोटगीचा, निर्वाहाचा हक्क सोडला. हा हक्क सोडणं हाच मोबदला. तेव्हा ‘मोबदल्याशिवाय’ हे शब्द लागूच होत नाहीत, असा युक्तिवाद करता येतो. एकरकमी पोटगीच्या बाबतीत प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने या धर्तीचा युक्तिवाद मान्य केलेला आहे. पण घराच्या बाबतीत हा बचाव घेतला की दुसरीकडचं दार उघडतं. मोबदला होता म्हटल्यावर त्याने केलेलं हस्तांतरण बक्षीस राहत नाही, आणि कलम ४७(तीन) मधली बक्षीस-मृत्युपत्राची सूट त्याला मिळत नाही. मग त्याला भांडवली नफा लागतो. त्याच्या हिश्शाची खरेदी किंमत ३६ लाख, आजचं मूल्य ६५ लाख, नफा २९ लाख. १२.५ टक्क्यांनी ३ लाख ६२ हजार ५००. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असल्याने निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय आहे. निर्देशांक २०१५-१६ साठी २५४ आणि २०२५-२६ साठी ३७६. खरेदी किंमत ५३ लाख २९ हजारांवर जाते, नफा ११ लाख ७१ हजार उरतो आणि कर २ लाख ३४ हजारांच्या आसपास येतो, उपकर वेगळा.

म्हणजे तिला वाचवणारं वाक्य त्याला अडकवतं. दोघांचे सल्लागार वेगळे असतील आणि प्रत्येक जण आपल्या पक्षकाराचं रिटर्न आपल्या सोयीने भरत असेल, तर एकाच व्यवहाराच्या दोन परस्परविरोधी कथा विभागाकडे जातात. असं होताना पाहिलं की वाईट वाटतं, कारण भांडण संपवण्यासाठी केलेला करारच नवं भांडण सुरू करून देतो.

मुद्रांक शुल्काचंही तसंच. महाराष्ट्रात निवासी घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, शहरानुसार स्थानिक अधिभार काय तो वेगळा. डिक्रीनंतर ती ‘पत्नी’ नाही, त्यामुळे ही सवलतही नाही. मग बाजारमूल्यावर पूर्ण दराने शुल्क. ५ टक्के धरले तरी ६५ लाखांवर सव्वातीन लाख होतात. ‘मग हक्कसोडपत्र करू’ असं अनेकांना वाटतं. पण ती सवलत वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्राला खरेदीखताप्रमाणेच शुल्क लागतं.

आणखी एक वाट म्हणजे घराची वाटणी डिक्रीतच लिहून घेणं. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७(२)(सहा) नुसार, दाव्याचा विषय असलेल्या मालमत्तेबद्दलच्या तडजोड हुकूमनाम्याला नोंदणीची सक्ती नाही. त्यासाठी मूळ अर्जातच त्या फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि त्याबद्दलची मागणी असायला हवी. या जोडप्याच्या अर्जात फ्लॅटचा उल्लेख नुसता ‘वैवाहिक घर’ असा होता. शिवाय बँकेला आणि सोसायटीला नोंदणी केलेला दस्त दाखवणं नेहमीच सोपं पडतं. आम्ही बक्षीसपत्राचीच वाट धरली.

मग आधी कोण?

इथे खरी अडचण सुरू होते आणि ती कराची नाही, विश्वासाची आहे. कर म्हणतो की घर डिक्रीच्या आधी द्या. तो म्हणतो, ‘मी आधीच घर दिलं आणि दुसऱ्या मोशनला, म्हणजे संमती पक्की करायच्या सुनावणीला, ती आलीच नाही तर?’ त्याची भीती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या १९९१ च्या निकालात स्पष्ट केलं की डिक्री होईपर्यंत कुठलीही बाजू संमती मागे घेऊ शकते. आणि नोंदणी होऊन स्वीकारलेलं बक्षीसपत्र सहजासहजी परत फिरवता येत नाही. तिची भीती नेमकी उलटी: ‘डिक्री झाली आणि मग त्याने घर नावावर केलंच नाही तर मी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या?’ सहा महिन्यांचं ते कलम या दुसऱ्या भीतीकडे काणाडोळा करणारंही होतं.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) या निकालापासून ही मुदत न्यायालय माफ करू शकतं, आणि वेगळं राहून बराच काळ झालेली जोडपी हल्ली सर्रास तसा अर्ज करतात. मला वाटतं, मालमत्ता आणि कर्ज असेल तर ही घाई करू नये. हे सहा महिने कागदपत्रं पुरी करायला मिळालेली मुदत आहे. या प्रकरणात पहिला अर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये झाला होता. मुदत माफीचा तयार असलेला अर्ज दोघांनी दाखल केला नाही.

क्रम असा बसवला. संमतीच्या अटी बदलून न्यायालयात दाखल केल्या, त्यात दोघांची लेखी हमी. न्यायालयाला दिलेली अशी हमी मोडणं हा अवमान ठरू शकतो, हे दोघांना वकिलांनी समजावून सांगितलं. मधल्या काळात बँकेचं काम. दुसऱ्या मोशनची तारीख मिळाल्यावर तिच्या आधीच्याच आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्राची नोंदणी. आणि एकरकमी पोटगीतला मोठा भाग डिमांड ड्राफ्टने, दुसऱ्या मोशनच्या दिवशी न्यायालयासमोर. म्हणजे घर गेलं तरी तिला मिळायची रक्कम त्याच्याकडे आहे, आणि रक्कम मिळायची बाकी असली तरी घर तिच्याकडे आहे. दोघांच्याही हातात शेवटच्या दिवसापर्यंत काहीतरी राहतं.

बक्षीसपत्राचा मजकूर लिहिताना एक पथ्य पाळलं. ‘पोटगीचा हक्क सोडल्याबद्दल’ किंवा ‘कर्ज फेडण्याच्या मोबदल्यात’ घर देत आहे, असं कुठेही नाही. पोटगीचा हिशेब एकरकमी रकमेशी जोडला आणि घर स्वतंत्रपणे, मोबदल्याशिवाय दिलं. हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. रकमाही तशाच ठरवल्या होत्या, की एकरकमी पोटगी तिच्या हक्काच्या मानाने स्वतःच्या पायावर उभी राहावी. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंफल्या की बक्षीसाचं बक्षीसपण जातं आणि वर दाखवलेला सगळा गुंता परत येतो. दस्तात ‘प्रेम व आपुलकीपोटी’ हे छापील शब्द घालायलाही तिने नकार दिला. ते शब्द आवश्यक नाहीतच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२२ ला स्वेच्छा, मोबदल्याचा अभाव आणि स्वीकार एवढंच पुरतं.

त्याला एक शंका राहिली होती. पत्नीला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात ना? कलम ६४(१)(चार) तसं सांगतं खरं, पण ‘वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात’ केलेलं हस्तांतरण त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. डिक्रीनंतर तर हे नातंच उरत नसल्याने प्रश्न मिटतो.

घर मिळालं तरी त्याच्या पोटात दडलेला कर तिच्याकडे येतो, हे तिला सांगणं आवश्यक होतं. बक्षीस मिळालेल्या हिश्शाला कलम ४९(१) प्रमाणे त्याचीच जुनी किंमत लागते. उद्या घर १ कोटी ३० लाखांना विकलं तर ७२ लाख वजा जाता ५८ लाखांचा नफा पूर्णपणे तिचा, १२.५ टक्क्यांनी सव्वासात लाख. दुसरं घर घेतलं तर कलम ५४ ची सूट आहे, पण वाटाघाटीत घराची किंमत लावताना हा आकडा बाजूला लिहून ठेवावा लागतो.

कर्ज

‘यापुढे कर्ज ती फेडेल’ हे कलम बँकेला बांधत नाही. बँकेशी केलेल्या करारात दोघंही संपूर्ण रकमेला जबाबदार आहेत आणि कौटुंबिक न्यायालयाच्या डिक्रीत बँक पक्षकार नाही. तिचा एखादा हप्ता चुकला तर त्याचा सिबिल स्कोअर घसरणार. तिने सगळे हप्ते वेळेवर भरले तरी त्याला स्वतःसाठी घर घ्यायचं झालं तर हे २८ लाख त्याच्या नावावर दिसत राहणार आणि तेवढी त्याची कर्जपात्रता कमी होणार. याशिवाय तारण असलेलं घर बँकेच्या संमतीविना बक्षीस देता येत नाही.

बँकेने तिच्या एकटीच्या पगारावर २० लाखांपर्यंत मंजुरी दाखवली. साडेआठ टक्के आणि १५ वर्षं धरली तर २८ लाखांचा हप्ता २७ हजार ५७० होतो, २० लाखांचा १९ हजार ७००. हातात येणाऱ्या पगाराच्या मानाने पहिला आकडा तिला झेपणारा नव्हताच. मसुदा करताना हे कुणी तपासलं नव्हतं. घर मिळवायची जिद्द असते, आणि हप्त्याचा विचार पुढे ढकलला जातो.

म्हणून पोटगीचं रूपच बदललं. तिच्यासाठी दरमहा २५ हजारांऐवजी एकरकमी १८ लाख ठरले. त्यातले ८ लाख त्याने संयुक्त एफडी मोडून थेट कर्जखात्यात भरले, उरलेले २० लाख बँकेने तिच्या एकटीच्या नावे नव्याने केले, आणि त्याचं नाव कर्जातून निघालं. मग बक्षीसपत्र. हे झाल्याशिवाय नोंदणी करायची नाही, यावर त्याच्या वकिलांनी आग्रह धरला तो योग्यच होता.

पोटगी: एकरकमी की दरमहा

मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरी देवींच्या प्रकरणातला १९८० च्या दशकातला निकाल आजही या विषयाचा पाया आहे. दरमहा मिळणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न, एकरकमी मिळालेली भांडवली जमा, म्हणून करमुक्त. देणाऱ्याला दोन्हीपैकी कशाचीही वजावट नाही. त्याला हे पटायला वेळ लागला. तिच्याकडे उत्पन्न धरतात तर माझ्याकडून वजा का नाही, हा त्याचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण कायदा तसा आहे.

एवढ्यावरून ‘एकरकमीच घ्या’ असा सल्ला सरसकट दिला जातो. तो आता अपुरा आहे. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तिचं करपात्र वेतन ७ लाख ५ हजार, २५ हजारांप्रमाणे वर्षाची पोटगी ३ लाख, एकूण १० लाख ५ हजार. कर नाही. पण मूळ मसुद्यात ४० हजार एकत्र तिच्याच नावाने होते. तेव्हा बेरीज ११ लाख ८५ हजार. त्यात एफडीचं ५० हजार व्याज आलं की १२ लाख ३५ हजार, आणि सीमांत सवलत (१२ लाखांच्या वरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणारी) धरूनही उपकरासह ३६ हजार ४०० रुपये कर. मुलीसाठीचे १५ हजार वेगळे दाखवले असते तर यातला एक रुपयाही लागला नसता.

त्यामुळे इथे एकरकमी निवडण्याचं कारण कर नव्हतं. कारण कर्ज होतं, आणि दुसरं म्हणजे निर्धास्तपणा. दरमहाची पोटगी त्याच्या नोकरीवर अवलंबून, थकली तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज, आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे परिस्थिती बदलली किंवा तिने पुनर्विवाह केला तर न्यायालय ती बदलू किंवा रद्द करू शकतं. १८ लाख म्हणजे २५ हजारांचे सहाच वर्षांचे पैसे, हे तिच्या भावाने बोट ठेवून दाखवलं. हिशेब बरोबर होता. तरी हप्ता आठ हजारांनी उतरणं आणि घर निर्वेधपणे तिचं होणं याची किंमत तिने स्वतः जास्त धरली. तिची जागा, तिचा निर्णय. नोकरी नसलेल्या बाईला मी कदाचित उलटा सल्ला देईन.

बाकीच्या १० लाखांसाठी २ लाख एफडीतले आणि ८ लाखांचे फंड त्याने विकले. त्यावर नफा ३ लाख ६४ हजारांच्या आसपास, सव्वा लाख सूट वजा जाता १२.५ टक्क्यांनी जवळपास ३० हजार कर. हे ३० हजार तिच्या रकमेतून कापायचे की नाही यावर दोन आठवडे ईमेल चालले! शेवटी अटींत ‘रु. १० लाख निव्वळ, विक्रीवरील कर अर्जदार क्र. २ यांचा’ असं लिहिलं. वाटणीच्या यादीत फंड, पीपीएफ आणि भविष्य निर्वाह निधी शेजारी शेजारी लिहिलेले असतात, पण पीपीएफचे ९ लाख करमुक्त, फंडांच्या २२ लाखांत न भरलेला कर दडलेला, आणि निर्वाह निधीचे १९ लाख आज हातात येतच नाहीत. एकाच रकान्यात त्यांची बेरीज करू नये.

मधे एकदा ‘पाच लाख रोख देतो, व्यवहार पटकन मिटेल’ असंही पुढे आलं होतं. कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका प्रसंगाशी संबंधित २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला. म्हणजे तिला. तो विषय तिथेच संपला.

दागिने, विमा आणि नॉमिनी

सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानंतर निर्वाहाच्या प्रत्येक मागणीत दोघांनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. परस्परसंमतीत हे टाळलं जातं. आम्ही त्याच नमुन्यात दोघांकडून माहिती भरून घेतली आणि लॉकर दोघांच्या हजेरीत उघडून प्रत्येक दागिन्याचं वजन, फोटो आणि कुणी दिला हे लिहिलं. ३२० ग्रॅमपैकी सगळंच स्त्रीधन निघालं. ते तिला मिळणं म्हणजे तिचीच वस्तू तिला परत मिळणं, कराचा प्रश्नच नाही. ती सहीची यादी मात्र जपून ठेवावी. उद्या सोनं विकताना त्याचा उगम दाखवायला तीच उपयोगी पडते.

घटस्फोटाने नॉमिनी आपोआप बदलत नाही. बँक, पीपीएफ, फंड, निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सोसायटी: प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचं असेल तर ते पहिल्या अर्जाच्याच आठवड्यात बदलून दोघांच्या सहीचं करावं. फ्लोटर मेडिक्लेममधून ती बाहेर पडणार होती, म्हणून नूतनीकरणाच्या आधी पोर्टेबिलिटीने स्वतःची आणि मुलीची पॉलिसी वेगळी केली, म्हणजे आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ वाया गेला नाही.

टर्म विम्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्यानंतर मुलीचे दरमहाचे पैसे कोण देणार? अटींत लिहिलं की मुलगी २५ वर्षांची होईपर्यंत तो किमान ५० लाखांचं संरक्षण चालू ठेवेल, नॉमिनी मुलगी, ती सज्ञान होईपर्यंत नियुक्त व्यक्ती आई, आणि हप्त्याची पावती दरवर्षी ईमेलने.

मुलगी

मुलीसाठीचे दरमहा १५ हजार स्वतंत्र कलमात गेले, दरवर्षी ८ टक्के वाढीसह, थेट मुलीच्या खात्यात. नवरा-बायको नातेवाईक राहत नाहीत, पण बाप-लेकीचं नातं कायद्यातही तसंच राहतं, त्यामुळे या पैशांना कलम ५६(२)(दहा) शिवत नाही. शाळेची फी तो थेट शाळेत भरतो, ती या १५ हजारांच्या बाहेर.

एक बारीक बदल दोघांच्याही रिटर्नमध्ये होणार होता. अल्पवयीन मुलाचं व्याजाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. आजी-आजोबांच्या एफडीचं व्याज म्हणून आजवर त्याच्या रिटर्नमध्ये जात होतं. कलम ६४(१अ) प्रमाणे विवाह उरला नसेल तर ते मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाकडे जातं. आता ते तिच्याकडे. वर्षाला वीस-एकवीस हजारांचा विषय, कर काही नाही, पण ती ते दाखवायला विसरली तर वार्षिक माहिती विवरणाशी (विभागाकडे जमा असलेल्या नोंदींशी) तिचं रिटर्न जुळणार नाही आणि विनाकारण पत्रव्यवहार मागे लागेल.

उच्च शिक्षणाच्या खर्चाची विभागणी त्याने ७० आणि तिने ३० टक्के अशी ठरली. ‘सदर रकमेनंतर मुलीची कोणतीही मागणी राहणार नाही’ असं वाक्य जुन्या मसुद्यातून चुकून पुढे आलं होतं, ते काढायला लावलं. मुलीचा निर्वाहाचा हक्क तिचा स्वतःचा आहे, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चं कलम २० तो देतं, आणि तो तिच्या वतीने आई सोडून देऊ शकत नाही. त्या जागी दोघांनी ठरवून एकच ओळ घातली: मुलगी दहावी झाल्यावर ही रक्कम आणि ही विभागणी दोघं पुन्हा बसून तपासतील.